गजावरची खूण

काडतुसाची बंदूक आणि ठासणीची बंदूक, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही अग्निशस्त्रेच. परंतु बाळगणाराच्या दृष्टीने त्यांत मोठा भेद आहे. काडतूस कारखान्यात तयार होते. त्यातील दारूचे माप दुसऱ्या कोणी ठरविलेले असते. ठासणीचा प्रत्येक बार मात्र ज्याने त्याने आपल्या हाताने भरावयाचा असतो. म्हणजे तो नुसता बार काढणारा राहत नाही, त्या बाराचा कारागीरही होतो. आणि कारागिराच्या हयगयीचे फळ पुष्कळदा शेजाऱ्याच्या वाट्याला येते.

खानापूर, चंदगड, सत्तरी अशा रानालगतच्या मुलखात पिकांच्या राखणीसाठी परवान्याने बाळगलेल्या या बंदुका अजून आढळतात. आमच्या आजोबांपाशीही एक होती. शिकावयास आलेल्या तरुणाला ते प्रथम नेम शिकवीत नसत. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडावयास लावीत आणि नळीच्या तोंडाशी गजावर जेथे रेघ येई, तेथे चाकूने खूण करवीत. पुढे केव्हाही बंदूक हाती घेतली की तोंड आपल्यापासून व माणसांपासून दूर धरून गज आत सोडावयाचा. खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. खूण वर राहिली तर आत बार आहे. ते म्हणत, "बाबा, बंदूक बोलत नाही, गज बोलतो."

या साध्या युक्तीचे महत्त्व मला वकिली करू लागल्यावर अधिक कळले. ठासणीची बंदूक मागून उघडून पाहता येत नाही. राखणीच्या रात्री जनावर आलेच नाही, तर भरलेला बार तसाच राहतो आणि बंदूक खुंटीवर जाते. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे पुष्कळांना वाटते. पण दारू आत असतेच. मग कोणी विसरून त्यावरच दुसरा बार ठासतो. ही विस्मृती केवळ अडाण्यांचीच असते असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई झाली, तेव्हा रणांगणावरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक ठासलेले बार सापडले. ते तर शिकविलेले सैनिक होते.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. दारू शिंगातून थेट नळीत ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर ज्वाळा शिंगापर्यंत पोहोचते. ठरलेल्या मापात घेऊनच ती ओतावी. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. ठासताना तोंड किंवा तळहात नळीवर आणू नये. केप सर्वांत शेवटी. बार उडाला नाही, तर बंदूक निर्जन दिशेला रोखून निदान एक मिनिट थांबावे. कारण दारू कधी कधी उशिराने पेटते. आणि आधुनिक काडतूस फोडून त्यातील बिनधुराची दारू ठासणीत कदापि घालू नये. जुन्या काळ्या दारूसाठी घडविलेली नळी तिचा दाब सोसू शकत नाही.

परदेशी वापरलेली पितळी काडतुसे घरी पुन्हा भरणारे हौशी नेमबाज आहेत. त्यांची शिस्तही याच जातीची. दारू ते ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडाचे 7000 ग्रेन होतात, यावरून त्या तोलाची सूक्ष्मता ध्यानी यावी. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा, छापील कोष्टकातील खालच्या मापापासून आरंभ, आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक काडतुसात डोकावून दुबार दारू पडली नाही याची खात्री. नवशिक्याला तेथेही पहिली ताकीद हीच, की हाताच्या अदमासावर विसंबू नये.

आपल्याकडे मात्र हा घरचा उद्योग नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 5 व्या कलमान्वये दारूगोळा तयार करण्यास वेगळा परवाना लागतो; बंदूक बाळगण्याचा परवाना त्यास पुरत नाही. परवाना माणसाला असतो, बंदुकीला नव्हे. म्हणून वडील वारल्यावर त्यांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, वारसाने आपल्या नावाचा परवाना मागावा लागतो.

आमच्या देवस्थानांच्या समाजात खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची चाल आहे. बंदूक पाटावर येते, तिला गंध-फूल वाहतात, भोवती मुले असतात. वर्षभर खुंटीवर असलेली ती बंदूक घरातील कोणी तरी पुसण्यासाठी उतरवितो, तो क्षण मला सर्वांत भयाचा वाटतो. पूजेला अंगभूत असे शौच आधी करावे लागते; बंदुकीचे शौच म्हणजे गज आत सोडून खूण पाहणे. हयगयीने माणूस दगावला तर न्याय संहितेत शिक्षा सांगितली आहे. परंतु मी ज्या न्यायालयांत उभा राहतो, तेथे कायदा नेहमी घटनेनंतर येतो. घटनेपूर्वी पोहोचतो तो फक्त गज.