जुन्या गोव्यातली थोरली

नगर हवेलीतल्या सिल्वासात नोसा सेन्योरा द पिएदादचं चर्च आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं जहाज निकामी केलं, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी नगर हवेलीचा महसूल त्यांच्या पदरात घातला, १७८३ मध्ये. पोर्तुगीजांच्या मागोमाग चर्चही आलं. त्या चर्चच्या घराण्यातली, म्हणजे गोव्याच्या धर्मप्रांतातली, थोरली मात्र दूर जुन्या गोव्यात राहते. नाव से कॅथेड्रल. ‘से’ म्हणजे बिशपांची गादी.

पहिल्या भेटीत ती तोंड दाखवत नाही. रस्त्याने येणाऱ्याला आधी तिची लांबलचक पांढरी कूस दिसते. दर्शनी बाजू पूर्वेला; वळसा घालून जावं, तेव्हा ती सामोरी येते, तीही एकाच मनोऱ्यानिशी. उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो कुणी पुन्हा उभारला नाही. मला ती अशीच आवडते. दोन्ही मनोरे असते तर ती नुसती भव्य दिसली असती. आता ती ओळखीची वाटते.

उरलेल्या मनोऱ्यात तिचा आवाज राहतो. गोव्यातली सर्वांत मोठी घंटा ही, आणि गोड नादामुळे नाव पडलं सोन्याची घंटा. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षा जाहीर व्हायच्या त्या दिवशीही हीच घंटा वाजायची, असं सांगतात. तो गोड नाद ऐकताना हे विसरू नये.

घाई तिच्या स्वभावात नाही. १५६२ मध्ये काम सुरू झालं, १६१९ मध्ये इमारत पुरी झाली, आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. अंगाला जांभा, वर चुन्याचा गिलावा. बाहेर तस्कन शैलीचा साधेपणा, आत कोरिंथियन थाट. मुख्य वेदीपाशी गेलात की सोनेरी कोरीवकामात सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग दिसतात. जवळ उभं राहून एकेक चौकट सावकाश पाहावी. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहाकडून हे शहर जिंकलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला, कॅथरीनच्या सणाच्या दिवशी. म्हणून हे घर तिच्या नावाचं.

रस्त्यापलीकडे बॉम जेझसची बॅसिलिका, उघड्या जांभ्याची, तांबूस. गर्दी सारी तिकडे, कारण सेंट झेवियरचं शव तिथे. थोरली रुसत नाही. दर दहा वर्षांनी झेवियर, गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’, रस्ता ओलांडून तिच्याकडे मुक्कामाला येतो, आणि दर्शनाची रांग तिच्या दारी लागते. गेल्या खेपेला तो मुक्काम २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होता. पुढची पाळी २०३४ ची.