पडद्याबाहेर राहिलेलं पद

संगीत नाटकाचा चित्रपट करायला घेतला की कात्री आधी पदांवर चालते. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. रंगभूमीवर पात्र गाऊ लागलं की कथानक खुशाल थांबून ऐकतं. पडद्यावर कथेला पुढं जायची घाई असते. जे पद कथेला ढकलत नाही, नुसतं पात्राच्या मनाशी बसून राहतं, ते पहिलं गळतं. माझा जीव नेमका तसल्याच पदांत अडकलेला आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी एक पेटीमास्तर राहायचे. त्यांच्याकडे नाटकांच्या पदांच्या जुन्या पुस्तिका होत्या. पिवळ्या पडलेल्या, शिवण उसवली म्हणून पुन्हा दोरा घातलेल्या. समासात शिसपेन्सिलीच्या खुणा: फुली म्हणजे पद गाळायचं, गोल म्हणजे घ्यायचं. काही पदांवर फुली, तिच्याभोवती गोल आणि शेजारी पुन्हा फुली. गायकाचा आवाज बसला, प्रयोग उशिरा सुरू झाला, की पद गळायचं. पुढच्या मुक्कामी गळा लागला आणि समोरून ‘वन्स मोअर’ आला, की तेच पद मैफलीसारखं रंगायचं. नाटकातली फुली पुढच्या प्रयोगाला खोडता येते. चित्रपटातली फुली कायमची.

पद गळतं तेव्हा नुसती चाल जात नाही. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे अमेरिकी संगीत नाटक १९५९ साली रंगभूमीवर आलं आणि १९६५ साली पडद्यावर. नाटकातली तीन गाणी चित्रपटात नाहीत. त्यांतल्या एका गाण्यात नाझींशी जुळवून घ्यावं की नाही, यावरून कॅप्टन आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्यात अंतर पडतं. गाणं गेलं, त्याबरोबर त्यांच्या ताटातुटीचं ते कारणही गेलं. चित्रपटात उरला तो फक्त मनं न जुळल्याचा भाग. चित्रपट जगभर लाडका झाला, पण एका माणसाच्या स्वाभिमानाची एक बाजू अंधारात राहिली.

आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, नाटकातले गवई खाँसाहेब झाले होते पं. वसंतराव देशपांडे, आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना होती आमच्या सोलापूरची फैय्याज. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे नाटक परकं वाटूच शकत नाही. खाँसाहेबांच्या घरातली बोली, हिंदुस्तानी बंदिश आणि मराठी पद एका श्वासात येणं, हे आमच्या कानांना रोजचं. झरीनाच्या तोंडची उर्दूची लय फैय्याजबाईंना कुणी शिकवावी लागली नसेल, असं मला नेहमी वाटतं.

२०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी फैय्याजबाई होत्या आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत सुबोध भावे यांनी ‘कट्यार’ पडद्यावर आणली. मी ती जीव लावून पाहिली. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी बांधली. त्यांतल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. खाँसाहेबांना आवाज दिला वसंतरावांच्या नातवानं, राहुल देशपांडे यांनी. ‘घेई छंद मकरंद’ कथेत आमनेसामने येणाऱ्या दोन्ही घराण्यांच्या ढंगांत ऐकायला मिळालं. हजारो तरुण मुलं त्यामुळं नाट्यसंगीताकडे वळली, हे ऋण मी मनापासून मानते.

तरीही नव्या गाण्यांना जागा द्यायची म्हणजे जुन्यांनी आवरतं घ्यायचं. जी पदं राहिली त्यांचाही विस्तार आक्रसला. रंगमंचावर खाँसाहेब एखाद्या सुरावर थांबले, की त्यांचा अहंकार आणि त्यांची तहान दोन्ही त्या थांबण्यातून कळायची. स्पर्धा जिंकूनही हा माणूस आतून उपाशी आहे, हे कुठल्याच संवादात सांगता येत नाही. त्याला आलापच लागतो आणि आलापाला वेळ लागतो. ‘मानापमान’ या संगीत नाटकाचंही तेच. ते १९११ सालचं. त्याचा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आला. रात्र जागवणारी ती सगळी पदं अडीच-तीन तासांत मावणं शक्यच नव्हतं.

म्हणून दिग्दर्शकाला दोष देऊन भागत नाही. त्याचं काम चित्रपट करण्याचं, पदं जगवण्याचं काम आपलं. माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली ‘चित्रपटातलं शिकवा’ म्हणतात. मी ते आनंदानं शिकवते. ते गळ्यावर चढलं की त्याच नाटकातलं पडद्यावर न आलेलं एक पद देते: राग, ताल आणि ते कुणी, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हटलं, हे सगळं सांगून. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिरात आमच्या वर्गाचा कार्यक्रम असतो, तेव्हा ही पदं आम्ही आधी गातो, पूर्ण गातो, आणि लोक ऐकतात.