'एलियन' म्हणजे नक्की कोण?

या देशात आलं की काही शब्द आपल्याला येऊन चिकटतात. त्यातला एक 'एलियन'. घरच्या पोरांना विचाराल तर उडत्या तबकडीतून उतरणारा, मोठ्ठ्या डोळ्यांचा हिरवा प्राणी! पण मंडळी, हा अर्थ तसा कालपरवाचा. विज्ञानकथांनी तो विसाव्या शतकाच्या मध्याला आणला आणि १९७९ सालच्या सिनेमाने पक्का केला.

मूळ लॅटिन शब्द 'एलियस', म्हणजे दुसरा. त्यावरून 'एलियेनस', म्हणजे दुसऱ्याचा. आपल्या 'पर'वरून परका, परदेश, परस्वाधीन झाले ना, तसंच. पोलिसांचं 'एलियास' आणि 'अलिबी' ही याचीच भावंडं.

'दुसऱ्याचा' यातूनच वकिली अर्थ निघाला. मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणं म्हणजे ती 'एलिएनेट' करणं. इंग्रज अमदानीत पुण्यात पेशवे दप्तर ज्या कचेरीत होतं, तिचं नाव होतं 'एलिएनेशन ऑफिस'. तिथे परक्या लोकांची नोंद होत नसे हं! सरकारने ज्या जमिनींचा सारा दुसऱ्याला सोडून दिला, त्या इनामांचे ते कागद. म्हणजे ज्याला आपले आजे-पणजे अभिमानाने 'इनाम गाव' म्हणत, ते साहेबाच्या दप्तरी 'एलियनेटेड'.

अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातले हक्क 'अनएलिएनेबल' आहेत, म्हणजे दुसऱ्याला देऊनही देता न येणारे. तोही शब्द याच घरचा. आणि अवघ्या २२ वर्षांनी, १७९८ साली, याच देशाने 'एलियन' लोकांना हाकलण्याचे कायदे केले! त्यातला एक १८०० साली संपला, दुसरा शत्रुदेशाच्या नागरिकांबद्दलचा, तो अजून जिवंत आहे. पुढे १९४० च्या कायद्याने १४ वर्षांवरच्या प्रत्येक परक्याने पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं आणि बोटांचे ठसे द्यायचे असं ठरलं. आपला 'ए नंबर' ही त्याच नोंदणीची आठवण. जुन्या ग्रीन कार्डांवर 'रेसिडेंट एलियन' असं ठळक छापलेलं असे. हल्ली 'पर्मनंट रेसिडेंट' असतं, पण टॅक्सच्या पुस्तिकेत आपण एलियनच.

आमच्या घरी हा शब्द निघाला तो सिटिझनशिपच्या अर्जावरून. अर्ज भरताना आईंनी विचारलं, "एलियन म्हणजे काय रे?" आम्ही म्हटलं, "परका." त्या हसल्या. "त्यात काय एवढं? मुलगी म्हणजे परक्याचं धन, हे ऐकतच आम्ही वाढलो. सासरी गेल्यावर पुन्हा परक्या घरची. मला कुठे कुणी कार्ड दिलं!"

मग त्यांना सांगितलं की इथली शपथ घेतली, की १९५५ च्या कायद्याने भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर 'सिटिझन' असं लिहिलेलंही असतं, पण मत देता येत नाही. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथलं परकेपण सुटणार, आणि तिथलं लागणार?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. अर्ज अजून टेबलावर आहे. आम्हा दोघांपैकी एकाची सही झाली आहे, दुसऱ्याची राहिली आहे.