चालत्या टाक्याचे मोल

ठाण्यात कापूरबावडीवरून गायमुखाकडे निघाले की घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना टॉवर लागतात, आणि त्यांच्या मागे येऊरचे डोंगर पावसाळ्यात हिरवे होऊन उभे असतात. या रस्त्यावर रोज कुणीतरी नव्या घरात येत असते आणि कुणीतरी जुने घर आवरत असते. आवरताना माळ्यावरून, नाहीतर बंद केलेल्या बाल्कनीतून, एक काळे शिलाई मशीन खाली उतरते. अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचा जाळीदार स्टँड, त्याखाली रुंद पायडल. मग प्रश्न पडतो की याचे काय करायचे, आणि दोन उत्तरे लगेच दारात येतात. भंगारवाला हेड, म्हणजे वरचे मशीन, वजनावर मागतो, तर सजावटीच्या वस्तू घेणाऱ्याला फक्त स्टँड हवा असतो, कारण त्यावर काच टाकली की हॉटेलात शोभणारे टेबल तयार होते. पहिल्याच्या लेखी ते लोखंड आहे, दुसऱ्याच्या लेखी आठवणीचा देखावा. दोघांपैकी कुणीही मशीन सुरू करून बघत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जुन्या शिलाई मशीनचे मोल वजनात नाही, वयातही नाही. ते आज पडणाऱ्या टाक्यात आहे, आणि तो टाका ज्या सुट्या भागांवर उभा आहे ते मिळण्यात आहे.

वयाचा भ्रम आधी दूर करायला हवा, कारण तोच सर्वांत जास्त फसवतो. ‘आजीच्या लग्नातले आहे, शंभर वर्षांचे असेल, म्हणजे लाखांत जाईल,’ असे मोठ्या आशेने बोलले जाते. आपल्याकडच्या पुष्कळशा जुन्या सिंगर मशीनचा जन्म स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झाला. 1880 च्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव अजून सिंगरच आहे. भरभराटीच्या काळात तिथून वर्षाला दहा लाखांहून अधिक मशीन बाहेर पडत. हप्त्यांवर विक्री करण्याची रीत या कंपनीने एकोणिसाव्या शतकातच रुजवली होती, त्यामुळे श्रीमंताच्या दिवाणखान्याइतकेच ते शिंप्याच्या ओट्यावरही पोचले. जी वस्तू एवढ्या संख्येने बनली आणि सहजासहजी मोडतही नाही, ती दुर्मीळ कशी होईल? मशीनच्या पाटावर उजव्या हाताला अक्षर आणि आकडे ठोकलेले असतात. सुरुवातीला एफ किंवा वाय असेल, किंवा ई ने सुरू होणारी अक्षरांची जोडी असेल, तर ते क्लाइडबँकचे, आणि त्या क्रमांकावरून वर्षही काढता येते. पण वर्ष कळले म्हणून किंमत कळत नाही. 2009 मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचे मौल्यवान द्रव्य असते. असा पारा कुठल्याच मशीनमध्ये नव्हता, तरी लोकांनी अचाट रकमा मोजल्या. टाक्याशी नाते तुटले की किंमत कशी वाऱ्यावर जाते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नको.

मोल नेमके कुठे आहे ते पाहायचे, तर पाटाखाली डोकवायला हवे. एलियास हौ यांना 1846 मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिचा गाभा अजून तोच आहे. सुईच्या टोकाशी भोक, वरून एक दोरा, खालून दुसरा, आणि कापडाच्या पोटात दोघांची गाठ. खालचा दोरा वरच्या दोऱ्याच्या फासातून कसा न्यायचा, यावर मशीनच्या जाती ठरल्या. सिंगरच्या 27 आणि 127 क्रमांकांच्या मशीनमध्ये लांबट, निमुळते शटल मागेपुढे झुलते आणि त्यात काडीसारखी लांब बॉबिन बसते. 66 मध्ये गोल बॉबिन पाटावरून आत सोडतात. 15 मध्ये बॉबिनची छोटी डबी डावीकडून बसवावी लागते. तिघींना सुई एकाच मापाची लागते आणि ती कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळते. खरा फरक सुईच्या खाली सुरू होतो. या 15 क्रमांकाच्या रचनेची पेटंटे कधीच संपली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तिचे भाग ठरावीक मापात बांधून घेतले, जेणेकरून एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या मशीनला बसावा. आपल्याकडे 1930 च्या दशकात कोलकात्यात उषा मशीनची सुरुवात झाली, आणि पुढे लुधियानात शिलाई मशीन व त्यांचे सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले. म्हणून स्कॉटलंडमध्ये ओतलेल्या देहाला आज पंजाबात घडवलेली डबी चालते. कंपनी निघून गेली, कारखाना पडला, तरी मशीन अनाथ झाले नाही. अनेकांनी मिळून जपलेल्या मापाने त्याला तारले.

तेव्हा जुन्या मशीनची पारख नावाच्या पाटीवरून न करता हाताने करावी. आधी चाक आपल्या बाजूला फिरवावे. ते जाम असेल तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो कुणीतरी मायेने घातलेल्या खोबरेल तेलाचा प्रताप असतो. ते तेल वर्षानुवर्षांनी चिकट होऊन सांध्यांत घट्ट बसते. थोडे घासलेट, थोडा धीर, आणि मग मशीनचेच पातळ तेल, एवढ्यावर बहुतेक चाके पुन्हा फिरू लागतात. खाडीकाठच्या दमट हवेत गंज धरतोच, पण तो कुठे धरला आहे ते बघावे. पाटावरचा गंज दिसायला वाईट, सुईच्या दांड्यावरचा कामाला वाईट. चामड्याचा पट्टा सैल पडला असेल तर नवा घ्यावा, मापाने कापावा, दोन्ही टोकांना भोक पाडून तारेच्या आकड्याने जोडावा. बॉबिन भरायच्या चाकाचे रबर झिजते, दोऱ्याचा ताण सांभाळणारी बारीक स्प्रिंग तुटते. हे सगळे बदलता येते, आणि 15 क्रमांकाच्या मशीनला तर सहज बदलता येते. शेवटी वर पांढरा आणि खाली लाल दोरा घालून दुहेरी सुती कापडावर एक शिवण मारावी. लाल ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त, पांढरे खाली उतरले तर कमी. दोन्हीकडे आपापला रंग स्वच्छ राहिला, म्हणजे गाठ कापडाच्या मधोमध बसली. किंमत बोलायची ती या शिवणीनंतर. लांब शटलच्या मशीनसोबत त्याचे मूळ शटल आणि चार-दोन बॉबिन असतील तर त्याचे मोल वाढते, नसतील तर घटते, कारण तिथे दुसरा पर्याय शोधत हिंडावे लागते. हरवलेले शटल हे उडालेल्या सोनेरी वेलबुट्टीपेक्षा कितीतरी मोठे नुकसान आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नवे विजेचे मशीन काही हजारांत मिळते, ते काजे करते, नागमोडी टाका घालते. जुने मशीन फक्त सरळ जाते. फॉल-पिकोचे दुकान चालवणारीला पिकोसाठी ते उपयोगाचे नाही, हे खरेच आहे. पण घरात आणि ऑल्टरच्या दुकानात होणारी किती कामे सरळ टाक्याची असतात ते मोजून पाहावे: पँटची लांबी कमी करणे, ब्लाऊजची शिवण उसवून सैल करणे, परकर, पडदे, अभ्रे, पिशव्या. जीन्सची चौपदरी दुमड किंवा गोधडीचे थर आले की प्लॅस्टिकच्या दातांची हलकी मशीन कण्हू लागतात, आणि बिडाचे हे जड अंग शांतपणे पुढे सरकते. वीज गेली तरी पायडल थांबत नाही. नव्या मशीनशी त्याची स्पर्धा लावण्याचे कारणच नाही. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि सरळ टाक्याचे काम त्याने अजून सोडलेले नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूंच्या जाणकारांचा. नवे भाग घातले की अस्सलपणा जातो, असे ते म्हणतात. देव्हाऱ्यातल्या मूर्तीबाबत मी हे मानेन. पण झिजणारे भाग बदलले जावेत, हीच या यंत्राची मूळ योजना आहे. पट्टा, स्प्रिंग, डबी, सुई ही सारी स्क्रू सोडवून काढता येतील अशीच बसवलेली आहेत. मूळ डबी जपून ठेवावी, खाली नवी घालावी. काही बिघडत नाही. अस्सलपणा खरोखर मोडतो तो हेड आणि स्टँड वेगळे विकले जातात तेव्हा. पाय एका घरी, धड भट्टीत. त्या दिवशी शेकडो टाके शिवू शकणारे साधन संपते, आणि उरते ते एक टेबल.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. दुरुस्त करणार कोण? कारागिराची मजुरी आणि भागांचा खर्च मिळून मशीनच्या बाजारभावाच्या वर जातो, हे नाकारता येत नाही. पण हा हिशेब एकाच बाजूने मांडला जातो. मशीन कवडीमोल धरले तर दुरुस्तीचा प्रत्येक रुपया महाग वाटणारच. पुढची वीस वर्षे शिवण्याची क्षमता विकत घेतो आहोत असे धरले, तर तोच रुपया स्वस्त होतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचाही समावेश आहे, आणि साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. म्हणजे शिवणाचे साधन हा उपजीविकेचा पाया आहे, हे सरकारनेही मान्य केले आहे. हातात असलेले साधन दुरुस्त करणे हा त्याच विचाराचा पुढचा भाग ठरतो. शिवाय गिऱ्हाईक टिकले तर कारागीर टिकतो. त्याच्याकडे कुणी गेले नाही, तर लुधियानाहून आलेल्या डब्या दुकानात धूळ खात पडतील आणि त्या बसवणारा हात उरणार नाही.

हे ठाण्यात बोलायला एक खास कारण आहे. घोडबंदर रोडपासून जवळच, पोखरण रोडवर, रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती. 1925 मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगाच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. भिवंडीत माग चालतात, उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात, आणि या सगळ्याच्या मधोमध राहणारे आपण शिलाई मशीनला अडगळ म्हणतो. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिलाई मशीनला अपवाद मानले होते, कारण ते माणसाला बाजूला सारत नाही, त्याचे कष्ट हलके करते. तो निकष आजही लावून पाहावा. टॉवरखालच्या गाळ्यात, जिन्याच्या वळणावर बसलेल्या शिंप्याला आपल्या पायाने चालणारे, आपल्या हाताने उघडता येणारे यंत्र लागते. म्हणून मशीन विकायचे असेल तर आधी चालू करून, हेड-स्टँड एकत्र ठेवून, शिवणाऱ्याला विकावे. किंमत सांगताना वर्षाचा नंबर नंतर दाखवावा, शिवलेली पट्टी आधी. आणि विकायचे नसेल तर ते चालू ठेवावे, कारण वापरणारे असतील तोवरच त्याचे सुटे भाग घडत राहतील.