घडीची करवत

सुताराच्या दुकानात भिंतीला टांगलेली करवत सर्वांच्या परिचयाची असते. संस्कृतातील ‘करपत्र’ या शब्दापासून मराठीला हा शब्द मिळाला. तिच्या दातांची रांग लोकांच्या डोळ्यांत एवढी भरली, की काठावर तसे टोकदार नक्षीकाम विणलेल्या वस्त्राला ‘करवतकाठी’ हे नाव पडले. सुताराची ही करवत कामाच्या जागीच राहते. ती किती लांब आहे किंवा किती जड आहे, याची फारशी चिंता कोणी करीत नाही. पण तीच करवत प्रवासाला निघाली, म्हणजे चार दिवसांचे अन्न, अंथरूण आणि तंबू यांच्याबरोबर एका पाठीवर चढली, की तिच्याविषयी निराळा विचार करावा लागतो. मग तिचे प्रत्येक बोट लांबीला आणि प्रत्येक ग्रॅम वजनाला उत्तर द्यावे लागते.

असा विचार ज्या प्रदेशात नित्य करावा लागतो, तो अमेरिकेच्या उत्तर सीमेवर आहे. मिनेसोटा राज्य आणि कॅनडा यांच्या हद्दीवर ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचे राखीव अरण्य सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. हिमयुगातील बर्फाने कोरलेल्या खळग्यांत पाणी साठून तेथे हजाराहून अधिक सरोवरे तयार झाली. पाइन, स्प्रूस आणि बर्च या वृक्षांनी त्यांचे काठ भरून गेले आहेत. येथील प्रवासी कॅनो नावाच्या हलक्या, निमुळत्या होडीतून फिरतात. एक सरोवर संपले, की होडी खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन पाऊलवाटेने पुढच्या सरोवराचा काठ गाठायचा, अशी तेथील रीत आहे. या वाटांची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका होडीची लांबी! दिवसातून तीनचार वेळा असे ओझे वाहावे लागले, म्हणजे पाठच माणसाला शिकवते, की पिशवीत काय हवे आणि काय नको.

त्या अरण्याचे नियम कडक आहेत. तेथील बहुतेक सरोवरांत यंत्राच्या होडीला मज्जाव आहे. १९६४ च्या अमेरिकन अरण्य कायद्यान्वये अशा भागात यंत्रांचा वापर सामान्यतः मना असल्यामुळे वाटेवर पडलेले वृक्ष दूर करणारे वनसेवकही दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवतच वापरतात. प्रवाशाने शेकोटी पेटवायची, ती मुक्कामाच्या जागी बसवलेल्या लोखंडी जाळीच्या चौकटीतच. जळणासाठी जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. आपोआप मेलेले आणि भूमीवर पडलेले लाकूडच गोळा करायचे, आणि तेही मुक्कामापासून दूर जाऊन.

पडलेले लाकूडच वापरायचे, तर करवत हवी कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. कोरड्या दिवसांत हा प्रश्न अगदी रास्त ठरतो. अंगठ्याएवढ्या जाड काटक्या हातांनी मोडतात आणि तेवढ्यावर भात शिजतो. परंतु सप्टेंबर महिन्यात त्या प्रदेशात दिवस दिवस पाऊस पडतो आणि रात्री थंडी झोंबू लागते. अशा सायंकाळी एखादा प्रवासी भिजून काठावर उतरतो. त्याची बोटे बधिर झालेली असतात आणि दात वाजत असतात. अंगातील ऊब अशीच कमी होत गेली, तर जिवावरही बेतू शकते. भोवतालच्या काटक्या पाण्याने निथळत असतात आणि त्यांचा नुसता धूर होतो. पण मनगटाएवढ्या जाड वाळक्या फांदीचा गाभा पावसातही पुष्कळदा कोरडा राहतो. अशी फांदी हातभर लांबीची कापावी, सुरीची धार तिच्या माथ्यावर ठेवून वरून लाकडाच्या टोल्याने फोडावी, म्हणजे आतले कोरडे लाकूड बाहेर येते आणि त्यावर विस्तव धरतो. हे कापणे हातांनी होत नाही. ते करवतीने होते. प्रवासात करवतीचे खरे मोल कळते, ते अशा ओल्या सायंकाळी.

हेच काम कुऱ्हाडीनेही होते, हे खरे. पण कुऱ्हाड जड असते आणि तिचा घाव चुकला, म्हणजे तो नडगीवर किंवा पावलावर बसतो. वैद्य जेथून दोन दिवसांच्या अंतरावर आहे, तेथे असा एक घाव सगळ्या सोबत्यांना संकटात टाकतो. करवत मात्र जेथे टेकवावी तेथेच कापते आणि थकलेल्या माणसाचेही बरेचसे ऐकते. म्हणूनच नवख्याने कुऱ्हाडीऐवजी करवत जवळ बाळगणे शहाणपणाचे होय.

पिशवीत मावणाऱ्या करवती मुख्यतः चार प्रकारच्या असतात. पहिली तारेची. दोन कड्यांमध्ये खरबरीत तार बसवलेली असते आणि तिचे वेटोळे मुठीत मावते. तिचे वजन नावापुरतेच. पण ती लाकडात तापते, अडकते आणि जोराने वाकवली तर तुटते. दुसरी साखळीची. तिच्या दोन टोकांना पट्टे असतात आणि ती ओंडक्याभोवती घालून आळीपाळीने दोन्ही हातांनी ओढायची असते. लहानशा डबीत राहून ती जाड ओंडका कापू शकते, परंतु श्रम फार घेते. तिसरी घडीची. चाकूप्रमाणे तिचे पाते मुठीत मिटते. अशा करवतीचे पाते बहुधा १८ ते २१ सेंटीमीटर लांब आणि वजन २०० ते ३०० ग्रॅम असते. चौथी चौकटीची. तिची चौकट उलगडून धनुष्यासारखे ताणलेले, ५० सेंटीमीटरहून अधिक लांब पाते तीत बसवतात. घडी केली, की ती एखाद्या दांड्यासारखी दिसते. मात्र तिचे वजन अर्धा किलो किंवा त्याहूनही अधिक भरते.

यांपैकी कोणती घ्यावी? दुकानात उभ्या असलेल्या माणसाला नेहमी मोठीच बरी वाटते. ‘असू द्या, कधी लागलीच तर!’ असे तो म्हणतो. या ‘कधी लागलीच तर’ने आजवर असंख्य प्रवाशांच्या पाठी वाकवल्या आहेत. त्यापेक्षा साधा हिशेब मांडावा. पाते १८ सेंटीमीटर लांब आणि फांदी ६ सेंटीमीटर जाड असेल, तर पाते मागेपुढे सरकायला १२ सेंटीमीटर जागा मिळते. फांदी १२ सेंटीमीटर जाड असेल, तर ६ सेंटीमीटरच उरतात. शिवाय जाडी दुप्पट झाली, की कापायचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. ६ सेंटीमीटर जाडीच्या फांदीचा छेद सुमारे २८ चौरस सेंटीमीटर असतो. १२ सेंटीमीटर जाडीच्या ओंडक्याचा सुमारे ११३. काम चौपट आणि हाताची ओढ निम्मी! ढोबळ मानाने आठपट वेळा हात चालवावा लागणार. म्हणून जाणते लोक सांगतात, की लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट लांबीचे पाते असावे. दोघांची चूल आणि मनगटाएवढे जळण एवढीच गरज असेल, तर घडीची करवत पुरते. बर्फाच्या दिवसांत तंबूतील शेगडी रात्रभर पेटती ठेवायची असेल, तर मात्र चौकटीची करवत आपले वजन सार्थ करते.

लांबी ठरली, की दाते पाहावेत. जवळून पाहिले, तर अनेक करवतींचा एक दात किंचित डावीकडे आणि पुढचा किंचित उजवीकडे वाकवलेला दिसतो. त्यामुळे लाकडातील चीर पात्याच्या जाडीहून रुंद पडते आणि पाते अडकत नाही. काही नव्या करवतींत दाते न वाकवता पातेच पाठीकडे पातळ केलेले असते, हेतू तोच. ओल्या, मऊ लाकडाला मोठे आणि विरळ दाते चांगले, कारण त्यांच्या मोठ्या फटींतून ओला भुसा बाहेर पडतो. वाळलेल्या, कठीण लाकडाला बारीक दाते बरे. अडीच सेंटीमीटरमध्ये सहा ते आठ दाते असलेली करवत जळणाच्या बहुतेक कामांना चालते.

दातांची दिशाही महत्त्वाची आहे. घडीच्या बहुतेक करवती ओढताना कापतात. कागदाची लांब पट्टी टेबलावर पुढे ढकलली, तर ती दुमडते. ओढली, तर सरळ राहते. पात्याचेही तसेच आहे. ढकलताना कापणारे पाते वाकू नये म्हणून जाड करावे लागते. ओढताना कापणारे पाते पातळ असले तरी ताठ राहते. प्राचीन इजिप्तमधील सुतारांच्या करवती मऊ तांब्याच्या होत्या आणि त्या ओढूनच वापरीत. जपानी सुतारांनी तर ही कला फार उंचीला नेली. ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव सुतारांच्या हत्यारांसाठी आजही प्रसिद्ध आहे. पातळ पाते थोडे लाकूड खाते, म्हणून हाताचे श्रम वाचतात आणि करवतीचे वजनही घटते.

यानंतर मूठ आणि खटका पाहावा. ओल्या हातातूनही निसटणार नाही अशी मूठ हवी. पाते उघडले असताना आणि मिटले असताना, दोन्ही वेळी ते घट्ट धरून ठेवणारा खटका हवा. काम चालू असता पाते अचानक मिटले, तर बोटांवर बेतते. पिशवीत उघडले, तर सामान फाटते. आजकालच्या पुष्कळ पात्यांचे दाते क्षणभर प्रखर उष्णता देऊन अतिशय कठीण केलेले असतात. ते दीर्घकाळ धारदार राहतात, पण त्यांना कानस लागत नाही. तेव्हा पाते बदलता येते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

करवत चांगली असली, तरी ती चालवणाऱ्याला तिची रीत ठाऊक हवी. दोन्ही टोकांना आधार असलेला ओंडका मधोमध वरून कापू लागले, तर तो मध्ये खचतो, चीर मिटते आणि पाते जखडते. टोक आधाराबाहेर काढून कापले, तर चीर आपोआप उघडत जाते. पहिल्या दोनतीन ओढी हलक्या द्याव्यात, दुसरा हात पात्यापासून दूर ठेवावा आणि दातांना आपले काम करू द्यावे. जोर केल्याने काम लवकर होत नाही, पाते मात्र वाकते. काम संपल्यावर चिकटलेली राळ पुसून, पाते कोरडे करून, तेलाचा हलका हात फिरवावा.

ओझ्याचा असा बारकाईने विचार करणारा एक भटक्या एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो लिहीत असे. किरकोळ बांध्याचा आणि नाजूक प्रकृतीचा हा गृहस्थ १८८३ साली न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक डोंगरांतील सरोवरांवर एकटाच फिरला. त्याची होडी अवघी साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोंहूनही कमी वजनाची होती. त्याच्याजवळ करवत नसे. आपल्या गरजेप्रमाणे मुद्दाम करवून घेतलेली एक छोटी दुधारी कुऱ्हाड त्याला पुरे होई. ती उचलताना त्याच्या अंगी असलेली सराईतपणाची जोड प्रत्येकाला नसते. पण आपले बळ किती आणि आपले काम कोणते, हे ओळखून हत्यार ठरवण्याची त्याची पद्धत करवतीलाही तंतोतंत लागू पडते.

या पद्धतीने विचार करू लागले, की कधी कधी उत्तर निराळेच येते. सह्याद्रीत गडकिल्ल्यांवर जाणाऱ्याच्या पिशवीत कोणती करवत असावी? राखीव वनात परवानगीवाचून झाड तोडणे आणि विस्तव पेटवणे यांना १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मनाई केली आहे. वैशाखात तेथील गवत एवढे वाळलेले असते, की एक ठिणगी सारा उतार जाळून टाकील. तेव्हा तेथे घरून नेलेली भाजीभाकरी हेच उत्तम, आणि जी घरी खुंटीवर राहिली, तीच योग्य करवत.

मोठे हत्यार हाती असले, की माणसाला मोठे लाकूड दिसू लागते. मग शेकोटी वाढते आणि सकाळी अर्धे जळण न वापरताच मागे राहते. लहान करवत मात्र मनगटाएवढ्याच फांदीकडे नेते. तिने कापलेले चार तुकडे पेटतात, भिजलेला प्रवासी त्यांच्याजवळ हात शेकतो, बोटांत पुन्हा चेतना येते, भांड्यातले पाणी उकळू लागते. त्यापलीकडच्या अंधारात अरण्य जसे होते तसेच उभे असते. एवढी ऊब त्याला पुरेशी होते.