वारा लागू द्या!

बाळंतिणीला "वारा लागू देऊ नका" असे आपल्या घराघरांत आजही बजावले जाते. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी. गेल्या पावसाळ्यात भाईंदरजवळच्या पाली गावात, समुद्राकाठच्या भाड्याच्या एका खोलीत माझी आतेबहीण बाळंतपणानंतर राहत होती. शेगडी पेटली तशी मी खिडकी उघडली आणि आत्याशी चांगलेच वाजले. "आमच्या चार पिढ्या अशाच वाढल्या," ती म्हणाली.

वाढल्या त्यांचे ठीक. पण ज्या दगावल्या, त्यांचा हिशोब कोणी ठेवला? "बाधा झाली", "नशिबात होते" म्हणून विषय संपवला गेला.

बाधा नाही, त्याला कारण आहे. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. निखाऱ्याला धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज सर्वांत घातक. सिलिंडरची गळती कळावी म्हणून त्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात. इथे तीही सोय नाही.

आणि हे फक्त गरिबाच्या शेगडीपुरते नाही. मार्च 2023 मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीघरात मृत सापडले. पोलिसांचा संशय गॅस गीझरवर होता.

कोणी विचारेल, हा चळवळीचा विषय आहे का? आहे. डिसेंबर 1943 मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेब स्वतः झरियाच्या कोळसा खाणीत उतरले होते. खाणीत हवा खेळती ठेवणे आज व्यवस्थापनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. मग कोंदट खोली भाड्याने देणाऱ्याला जाब कोण विचारणार? आणि सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून शेगडीकडे परतणाऱ्या बाईलाच दोष देऊन काय साधणार?

तेव्हा वस्तीतल्या पुढच्या बैठकीत एवढे सांगाच. निजायच्या खोलीत शेगडी नको. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर हवा, त्याचा धूर थेट उघड्यावर जायला हवा. घरात दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी सगळे बाहेर पडा, मग दवाखाना गाठा आणि घरात काय पेटले होते ते डॉक्टरांना सांगा. खोली भाड्याने घेताना उघडणारी खिडकी मागून घ्या. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

जय भीम!