आम्ही खोडलेला शब्द

वह्यांचे गठ्ठे तपासता तपासता आमचे केस पिकले. मराठीच्या शिक्षकाच्या नशिबी हे असतेच. त्या वर्षांतील एक चूक मात्र आज वाचकांपुढे मांडावीशी वाटते. पापनिवेदनाला न्यावी एवढी ती मोठी नसेल. पण तिची आठवण अजून बुजलेली नाही.

१९९४ सालचा पावसाळा होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका मराठी शाळेत आम्ही सातवीला मराठी शिकवत होतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आम्ही घातला. वर्गात शेहेचाळीस मुले होती, आणि बहुतेक वह्यांत एकच निबंध अवतरला! तेच काळेकुट्ट मेघ, तोच मातीचा सुगंध आणि तोच पिसारा फुलवून नाचणारा मोर. आमच्या वाड्यांत मोर कोणी पाहिला होता? तो मार्गदर्शक पुस्तकातून थेट वहीत उतरला होता.

एका मुलीने मात्र पाचसहा ओळीच लिहिल्या होत्या. पाऊस लागला की आमचे बावखल भरते, दादाने मला त्यात पोहायला शिकवले, आई काठावरून ओरडते, पण तिलाही हसू येते, अशा आशयाच्या. आम्ही लाल शाईने ‘बावखल’ या शब्दाखाली रेघ ओढली, वर ‘तलाव’ असे शुद्ध रूप लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. मोरवाल्यांना सात मिळाले.

पुढच्या निबंधात तिच्याही वहीत मोर आला. अक्षर वळणदार होते, शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. आम्ही सातचा आकडा लिहिला आणि लेखणी तिथेच थांबली. त्या मुलीने आमच्याकडून काय शिकून घेतले होते, ते आमच्या ध्यानात आले. आपल्या घरचे, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले वहीत लिहायचे नसते, हेच ते शिक्षण. आणि तो खोडलेला शब्द काय परका होता? आमचे आजोबाही बावखलावर रहाट हाकीत असत. घरात रोज बोलला जाणारा शब्द शाळेच्या उंबरठ्यावर आम्ही अशुद्ध ठरवला होता.

त्याच सुमारास एका फादरांनी त्यांच्या कपाटातले एक जुने इंग्रजी पुस्तक आम्हांला वाचावयास दिले. मूळ इटालियन पुस्तकाचे नाव ‘एका शिक्षिकेस पत्र’. लेखकाच्या जागी कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. ‘बार्बियानाची शाळा’ एवढेच होते. फादर लोरेन्झो मिलानी हे फ्लॉरेन्सच्या एका सधन, सुविद्य घराण्यात १९२३ साली जन्मले. १९४७ साली ते धर्मगुरू झाले आणि १९५४ च्या डिसेंबरात बार्बियाना या डोंगराळ धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली. वस्ती विखुरलेली, शेतकऱ्यांची आणि गरिबीची. सरकारी शाळांनी नापास करून घरी धाडलेल्या मुलांसाठी त्यांनी चर्चशेजारच्या आपल्या घरातच शाळा उघडली. ती दिवसभर चाले आणि वर्षाचे सर्व दिवस चाले. शिक्षक होऊ पाहणारी तिथली मुले परीक्षेत नापास झाली, तेव्हा आठ विद्यार्थ्यांनी मिळून ते पत्र लिहिले. मे १९६७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात, २६ जून रोजी, फादर मिलानी आजाराने वारले. वय अवघे चव्वेचाळीस. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

आम्हांला खिळवून ठेवले ते त्या मुलांच्या लिहिण्याच्या रीतीने. प्रत्येकाच्या खिशात एक छोटी वही असे. काही सुचले की ते वेगळ्या कागदावर, एकाच बाजूला टिपायचे. मग एके दिवशी सगळ्यांचे कागद मोठ्या टेबलावर मांडायचे, दुबार आलेले काढून टाकायचे आणि एकमेकांशी नाते सांगणाऱ्यांचे ढीग करायचे. एक ढीग म्हणजे एक प्रकरण. ढिगातून परिच्छेद पाडायचे, मसुदा करायचा, आणि मग चढाओढ लागायची ती शब्द कमी करण्याची. फुकाची विशेषणे, लांबलचक वाक्ये, अवघड शब्द, पुनरुक्ती, सारे कापायचे. शेवटी फारशी शाळा न शिकलेल्या बाहेरच्या माणसांना बोलावून लेख वाचून दाखवायचा. त्यांना कळला नाही, तर दोष लेखाचा!

ही वाट त्यांना १९६३ साली गवसली. मारिओ लोदी या प्राथमिक शिक्षकाने बार्बियानास भेट दिली आणि दोन शाळांतील मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. लोदींच्या आधी फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ च्या सुमारास वर्गात छोटे छपाईयंत्र आणून मुलांचे लेखन मुलांकडूनच छापून घेतले होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. फार वेळ बोलणे त्यांना जमत नसे. शिक्षक गप्प बसला की मुले बोलू लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच होते. ज्याला वाचणारा कोणी आहे, तो मन लावून लिहितो.

आम्ही धीर केला. विषय मुलांनीच निवडायचा, असे जाहीर केले. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “सर, बावखल चालेल?” आम्ही मान हलवली. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, मात्र प्रत्येकाने निदान तीन द्यायच्या, हा नियम. आठवड्याने बाके भिंतीला सारली आणि चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. ‘पाणी हिरवे दिसते’ हे तब्बल अकरा जणांनी लिहिले होते. एकाने लिहिले होते, ‘आमच्या बावखलात आजीचा चष्मा आहे.’ वर्गात हशा पिकला. ती चिठ्ठी कोणत्या ढिगात घालावी यावर जे भांडण जुंपले, ते ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. परिच्छेद म्हणजे काय, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवीत होतो. त्या दिवशी ते आजीच्या चष्म्याने शिकवले.

शब्द कापण्याच्या चढाओढीस आम्ही सुकेळीचे बक्षीस ठेवले. अट एकच, कापलेल्या शब्दाचे कारण सांगायचे. ‘अत्यंत’ आणि ‘निसर्गरम्य’ पहिल्याच दिवशी गेले. एरवी उत्तर द्यायला न उठणारा एक मुलगा या कामात असा तरबेज निघाला, की निम्मी सुकेळी त्यानेच पटकावली.

मग वाडीतल्या एका वृद्ध बागायतदाराला ऐकायला बोलावले. जुन्या चौथीपर्यंत शिकलेले ते गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. ‘बावखल म्हणजे लहान तलाव’ हे वाक्य आले आणि त्यांनी हात वर केला.

“मास्तर, हे चुकलं. तलाव गावाचा. बावखल वाडीचं. आमच्या बापजाद्यांनी ते बागेसाठी खणलं. त्यात पाऊस साठतो म्हणून शेजारची विहीर गोड राहते. उन्हाळ्यात गाळ काढून आम्ही केळींना घालायचो. तलाव म्हटलं की हे सगळं निघून जातं.”

वर्ग शांत झाला. त्या मुलीने एकदाच आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. आम्ही तिची वही मागून घेतली, पान उघडले आणि सगळ्या वर्गादेखत आमचा ‘तलाव’ खोडला. “चूक तुझी नव्हती, आमची होती,” एवढेच म्हणालो. तिने लिहिलेली ती ओळ मुलांनी निबंधाच्या आरंभी घेतली.

या रीतीने परीक्षेतले गुण वाढतात, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. अभ्यासक्रम मागे राहिला, मुख्याध्यापकांनी गोंगाटाबद्दल समज दिली, आणि हुशार मुले मसुद्याचा ताबा घेऊ पाहत. त्यांना आवरावे लागे. परीक्षेला तर ज्याने त्याने एकट्यानेच बसायचे होते. तथापि मोर मात्र आमच्या वर्गातून कायमचा उडाला.

त्या निबंधातले बावखल आता राहिले नाही. भराव पडला, वर इमारत उभी राहिली. वसईतील कितीतरी बावखलांची हीच गत झाली. मुलांनी लिहिलेले हस्तलिखित आमच्यापाशी आहे. त्यात पाण्याची खोली आहे, गाळ आहे, काठावरून ओरडणारी आई आहे आणि आजीचा चष्माही आहे. तो शब्द तेव्हा खोडलेलाच राहिला असता, तर यातले काहीही कागदावर आले नसते.

पालकहो, आपली मुले आज कोणत्याही माध्यमात शिकत असोत, एखाद्या संध्याकाळी प्रार्थना आटोपल्यावर चार चिठ्ठ्या आणि एक पेन्सिल घेऊन त्यांच्यासोबत बसा. घरातली एखादी आठवण सगळ्यांनी मिळून लिहा आणि आजी-आजोबांना वाचून दाखवा. ते मध्येच हात वर करतील. तेव्हा थांबा, आणि त्यांचा शब्द तसाच लिहून घ्या.